न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

टिळकांच्या १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्याचा विषय निघाला की हमखास कुणीतरी विचारतं, तो जामीन देणारा जज कोण होता? मग एकातून दुसरा प्रश्न निघत जातो. गेल्या काही काळात आलेले असे सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. क्रमाने वाचलं तर पूर्ण आयुष्य समजेल, पण हवा तो एकच प्रश्न वाचलात तरी चालेल, जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे तिथे नंबर दिलाय.

१. बद्रुद्दीन तय्यबजी कोण होते? थोडक्यात सांगा.

मुंबईत १० ऑक्टोबर १८४४ ला जन्म. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर (१८६७), मुंबई महापालिकेचे सदस्य (१८७३), मुंबई विधान परिषदेचे सदस्य (१८८२ ते १८८६), काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि त्या खुर्चीवर बसलेले पहिले मुसलमान (मद्रास, १८८७), मुंबई हायकोर्टाचे पहिले मुस्लिम न्यायाधीश (१८९५), आणि १९०२ मध्ये काही काळ हंगामी चीफ जस्टिस. १९०६ मध्ये लंडनला वारले. एवढं वाचून माणूस कळत नाही, नुसती पदं कळतात, म्हणून पुढचं वाचा.

२. बोहरा होते ना? म्हणजे दाऊदी बोहरा?

बोहरा होते पण दाऊदी नाही, सुलेमानी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दाई म्हणजे धर्मप्रमुख कोण यावरून वाद झाला आणि दोन फांद्या फुटल्या, त्यातली सुलेमानी ही संख्येने खूप लहान. वडील मुल्ला तय्यब अली, घराणं मूळचं खंबायतचं (गुजरात), व्यापारामुळे मुंबईत स्थिरावलेलं. इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडाला असं आजूबाजूचे लोक मानत होते त्या काळात या माणसाने आपल्या मुलांना शिकायला युरोपात पाठवलं, हे मला फार मोठं वाटतं, कारण पुढे बद्रुद्दीनांनी जे काही केलं त्याची जमीन बापाने तयार केलेली होती.

घरातली अजून एक गंमत सांगतो. या कुटुंबात ‘अखबार की किताब’ ठेवायची पद्धत होती, म्हणजे घरात एक मोठी वही असायची आणि घरातलं कुणीही, बायका-मुलंसुद्धा, त्यात रोजचं लिहायचे, कोण आलं, कोण गेलं, कुठे फिरून आलो, काय वाचलं. भाषा उर्दू. एकाची खासगी डायरी नाही, सगळ्या घराची. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकर मुस्लिम घरातल्या बायकांच्या हातचं एवढं लिखाण टिकून राहिलं ते या वह्यांमुळे.

३. शिक्षण कुठे झालं? इतक्या लहान वयात लंडनला कसे गेले?

आधी मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन. १८६० मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, लंडन. थोरले भाऊ कमरुद्दीन आधीच तिकडे जाऊन सॉलिसिटर झाले होते, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले ते पहिले भारतीय, त्यामुळे वाट माहितीची होती. बद्रुद्दीन मिडल टेंपलमध्ये (बॅरिस्टर घडवणारी लंडनची जुनी संस्था) बॅरिस्टरीला लागले पण डोळ्यांनी दगा दिला, दृष्टी इतकी बिघडली की १८६४च्या शेवटी सगळं सोडून मुंबईला परत यावं लागलं. या मुक्कामात राहत-उन-नफ्स यांच्याशी लग्न झालं, डोळे जरा सुधारले, आणि १८६५च्या अखेरीस परत लंडन. एप्रिल १८६७ ला बॅरिस्टर. डोळ्यांचा त्रास मात्र नंतरही गेला नाही, आणि दिवसभर कागद वाचण्याच्या धंद्यात हे दुखणं घेऊन त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली.

४. “पहिले भारतीय बॅरिस्टर” म्हणतात, मग त्याआधी मुंबईत भारतीय वकील नव्हते का?

होते की, भरपूर होते. गोंधळ इथे होतो: मुंबई हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्या दोन बाजू होत्या. अपील साइडला मुफस्सलमधून (म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या जिल्ह्यांतून) आलेली अपिलं चालायची, तिथे आपले वकील उभे राहायचे. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठमोठे व्यापारी दावे थेट दाखल व्हायचे, तिथे बॅरिस्टर लागायचा, आणि तोही सॉलिसिटरने ब्रीफ दिली तरच. ही साइड पूर्ण गोऱ्यांच्या ताब्यात होती. डिसेंबर १८६७ मध्ये तय्यबजी तिथे जाऊन उभे राहिले तेव्हा कोर्ट आजच्या इमारतीत नव्हतंसुद्धा, फोर्टात अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत भरायचं, आजची काळ्या दगडाची बिल्डिंग वापरात आली १८७९ ला.

भाऊ सॉलिसिटर असल्याचा सुरुवातीला फायदा झाला असणार, हे उघड आहे. पण भावाने दिलेल्या कामावर कुणी तीस वर्षं टिकत नाही. पाठोपाठ फिरोजशहा मेहता बॅरिस्टर होऊन आले, १८७२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग ॲडव्होकेटची परीक्षा देऊन ओरिजिनल साइडला आले, आणि एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान अशी ही तिकडी पुढची वीस वर्षं मुंबईच्या सार्वजनिक आयुष्यात सगळीकडे बरोबर दिसते.

५. राजकारणात कसे पडले?

महापालिकेतून. १८७२च्या कायद्याने मुंबईच्या ६४ जणांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले, आणि १८७३ मध्ये तय्यबजी तिथे गेले. मग १८८२ मध्ये सरकारने त्यांना विधान परिषदेवर नेमलं (नेमलं, निवडून नाही, तेव्हा निवडणूक नव्हतीच).

खरी ओळख झाली १८८३ मध्ये, इल्बर्ट बिलाच्या वेळी. मुफस्सलमधल्या भारतीय मॅजिस्ट्रेट आणि जजना युरोपियन आरोपीवर खटला चालवता यावा एवढंच ते बिल होतं, पण गोऱ्यांनी देशभर थयथयाट केला. मुंबईत एप्रिलमध्ये टाउन हॉलला (आज जिथे एशियाटिक लायब्ररी आहे तिथेच) बिलाच्या बाजूने सभा झाली आणि मेहता, तेलंग, तय्यबजी तिघेही बोलले. मग जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. म्हणजे काँग्रेस जन्मायच्या आधीच मुंबईत तिची तयारी झाली होती आणि त्यात हे होते.

६. मग १८८५ च्या पहिल्या काँग्रेसला ते का नव्हते? मुंबईतच तर भरली होती!

हो, गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात, २८ डिसेंबर १८८५, ७२ प्रतिनिधी. तय्यबजी आणि कमरुद्दीन दोघेही तेव्हा मुंबईबाहेर होते, खंबायतला. लगेच आवई उठली की मुसलमानांनी काँग्रेसवर बहिष्कार टाकला (त्या ७२ मध्ये मुसलमान दोनच होते, रहिमतुल्ला सयानी आणि ए. एम. धरमसी). तय्यबजींनी हे जाहीरपणे खोडून काढलं. दोनच वर्षांनी ते अध्यक्ष झाले, तेव्हा ते बहिष्कारवाले नव्हते हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही.

७. १८८७च्या अध्यक्षीय भाषणात काय बोलले?

मद्रास, डिसेंबर १८८७, सहाशेच्या वर प्रतिनिधी. आधीचे दोन अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि दादाभाई. तय्यबजींच्या भाषणातला मुद्दा अगदी साधा होता: हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन यांचे आपापले प्रश्न असतील, ते त्यांनी आपापसात सोडवावेत, पण टॅक्स, नोकऱ्या, कौन्सिलं, कोर्टं या सगळ्यांच्या गोष्टी आहेत आणि त्या मागताना एका समाजाने बाजूला उभं राहावं असं काहीही कारण त्यांना दिसत नव्हतं.

भाषणात राजनिष्ठाही भरपूर आहे, ती झाकायचं कारण नाही, त्यावर प्रश्न १० बघा.

८. सर सय्यद अहमद खान यांच्याशी नेमकं काय वाजलं होतं?

तारखा बघा म्हणजे कळेल. मद्रासला अधिवेशन चालू होतं त्याच दिवसांत, २८ डिसेंबर १८८७ ला, लखनौमध्ये सर सय्यद (अलीगढचं कॉलेज काढणारे) यांनी काँग्रेसच्या विरोधात मोठं भाषण ठोकलं. त्यांचं म्हणणं, हिंदुस्थान हे एक राष्ट्रच नाही, निवडणुकीने कौन्सिलं भरली तर हिंदू मतं चौपट पडतील आणि मुसलमानांच्या हातात काही राहणार नाही, स्पर्धा परीक्षांचा फायदा बंगाल्यांना होईल. हे भाषण नुसतं भाषण राहिलं नाही, उत्तरेत मोठमोठ्या मुस्लिम संस्था काँग्रेसविरुद्ध ठराव करू लागल्या.

१८८८च्या सुरुवातीला दोघांत पत्रं झाली. तय्यबजींची पत्रं वाचताना जाणवतं की हा माणूस वकील आहे, समोरच्याचा मुद्दा पूर्ण ऐकून घेतो, त्यातलं खरं तेवढं मान्य करतो आणि मग म्हणतो, ठीक आहे, मग उपाय काय? मुसलमानांचं नुकसान करणारा एखादा प्रस्ताव येत असेल तर आत बसून तो अडवता येतो, बाहेर राहिलात तर तुमच्याशिवाय तो पास होणार. म्हणजे वाद “हिंदू-मुसलमान एक आहेत की नाहीत” असा तात्त्विक त्यांनी होऊच दिला नाही, तो “आत राहून जास्त मिळतं की बाहेर राहून” इथे आणून ठेवला. सर सय्यद बधले नाहीत. कलकत्त्याचे मुस्लिम नेते अमीर अली यांनाही तय्यबजींनी लिहून पाहिलं, तेही आले नाहीत.

पण यातून एक ठोस गोष्ट निघाली. १८८८च्या अलाहाबाद काँग्रेसमध्ये नियम झाला की हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेला घ्यायचाच नाही. अल्पसंख्याकांसाठी काँग्रेसमध्ये झालेली ही पहिली लेखी हमी, आणि तिच्यामागचा आग्रह तय्यबजींचा. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीनेसुद्धा येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

९. त्यांनी काँग्रेस बंद करा असं पत्र लिहिलं होतं, हे खरं आहे का? की व्हॉट्सॲपवरचं काहीतरी?

खरं आहे, पण जसं फिरवलं जातं तसं नाही. पत्र काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे इंग्रज ॲलन ह्यूम यांना, २७ ऑक्टोबर १८८८ चं. त्यात तय्यबजी लिहितात की मुसलमानांचा फार मोठा भाग या चळवळीच्या विरोधात गेलाय, शिकलेले समंजस लोक आपल्या बाजूने आहेत असं म्हणत राहण्यात अर्थ नाही, आणि सगळा मुस्लिम समाज, बरोबर की चूक ते सोडा, विरोधात असेल तर काँग्रेस ही सगळ्यांची राहत नाही. म्हणून अलाहाबादचं अधिवेशन जोरात करा आणि मग निदान पाच वर्षं अधिवेशनं स्थगित ठेवा, तेवढ्या वेळात कटुता निवळेल.

आता दोन्ही बाजूचे लोक हे पत्र आपापल्या सोयीने वापरतात. एक म्हणतात बघा, शेवटी धर्माच्या बाजूनेच गेले. दुसरे हे पत्र सांगतच नाहीत कारण “पहिले मुस्लिम अध्यक्ष” या चित्रात ते बसत नाही. माझं स्पष्ट मत असं की या पत्राने त्यांची उंची कमी होत नाही, वाढते. दहा महिन्यांपूर्वी स्वतः ज्या संस्थेचा अध्यक्ष होता तिच्या सर्वेसर्वाला तोंडावर सांगायचं की आपला दावा आज खरा राहिलेला नाही, याला धैर्य लागतं. ते काँग्रेसवर रागावून गेले नव्हते, विसर्जन करा असंही म्हणत नव्हते, काँग्रेस खऱ्या अर्थाने सगळ्यांची असावी या अटीला चिकटून होते. सल्ला चुकीचा होता का यावर वाद घाला, पाच वर्षं थांबली असती तर चळवळ मेली असती असं दुसऱ्या बाजूने म्हणता येईल आणि ते मलाही पटतं. ह्यूमने ऐकलं नाही, अलाहाबादला जॉर्ज यूल अध्यक्ष झाले, गर्दी मद्रासच्या दुप्पट जमली, काँग्रेस दरवर्षी भरतच राहिली.

१०. म्हणजे ब्रिटिशधार्जिणेच ना शेवटी? ‘सर’ पण असतील.

‘सर’ नव्हते. ही चूक खूप ठिकाणी दिसते, मेहतांना ती पदवी होती, तय्यबजींना कधीच नव्हती.

राजनिष्ठ होते, हो. इंग्रजी राज्य आहे, त्याच्याच कायद्याने, त्याच्याच शब्दांत त्याला पकडून हक्क मागायचे, ही मवाळांची सगळ्यांचीच रीत होती, दादाभाईंपासून गोखल्यांपर्यंत. त्यात बसून ते किती दूर जाऊ शकत होते हे बघायचं असेल तर प्रश्न १२ वाचा.

११. जज कधी झाले? तेव्हा काँग्रेस सोडली का?

१८९५. मुंबई हायकोर्टात त्याआधी नानाभाई हरिदास, तेलंग, रानडे हे भारतीय जज होऊन गेले होते किंवा होते, मुसलमान मात्र तय्यबजी पहिले. तेलंग १८९३ मध्येच गेले, अवघे ४३ वर्षांचे, तिकडीतला एक गळाला तो तिथे. जज झाल्यावर पक्षाच्या कामात भाग घेता येत नव्हता त्यामुळे व्यासपीठ सुटलं, राजीनामा वगैरे काही नाटक झालं नाही. शिक्षण आणि समाजसुधारणेचं काम मात्र शेवटपर्यंत चालू होतं (प्रश्न १६ आणि १७).

१२. टिळकांना जामीन दिला म्हणतात. त्या दिवशी नेमकं काय झालं?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१५ जून १८९७ च्या केसरीत शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. २२ जूनला पुण्यात चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. सगळं अँग्लो-इंडियन प्रेस पेटलं, या लिखाणानेच खून झाला अशी ओरड सुरू झाली. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक, कलम १२४अ, राजद्रोह. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात दोन जजच्या बेंचपुढे गेले, तिथेही नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला केस सेशन्सकडे कमिट झाली (म्हणजे मॅजिस्ट्रेटने ती ज्युरीपुढच्या खटल्यासाठी वर पाठवली), आणि ४ ऑगस्टला बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने नव्याने अर्ज केला, तो तय्यबजींपुढे आला.

तेव्हाचं वातावरण डोळ्यांसमोर आणा. प्लेगचं वर्ष, रँडचा खून होऊन दीड महिना, खुनी अजून सापडलेला नाही, सरकारला टिळक आत हवेत, आणि बेंचवर बसलेला माणूस काँग्रेसचा माजी अध्यक्ष, म्हणजे जामीन दिला तरी बोलणार आणि नाही दिला तरी बोलणार. तय्यबजींनी राजकारणाला हातच लावला नाही. त्यांनी प्रश्न एकच ठेवला: हा आरोपी खटल्याला हजर राहील की पळून जाईल? टिळकांसारखा माणूस पळून जाणार नाही हे उघड होतं. मग पुढचं, खटला उभा राहायला महिना लागणार, तो महिना आत ठेवला आणि ज्युरीने निर्दोष म्हटलं तर त्या महिन्याची भरपाई कशी करणार? शिवाय आरोपीला बचावाची तयारी करायची असते. जामीन मंजूर.

आज आपण “जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद” असं सहज म्हणतो. जामीन म्हणजे आगाऊ शिक्षा नाही हे राजद्रोहाच्या केसमध्ये, त्या वर्षी, त्या शहरात स्वच्छ शब्दांत लिहिणं वेगळं होतं. पुढे राजकीय खटल्यांत वकील हा निकाल दाखवत राहिले.

१३. आधी जामीन नाकारणाऱ्या बेंचवर न्यायमूर्ती रानडे होते, हे खरं का?

हो. पार्सन्स आणि रानडे. यावरून लगेच रानड्यांना टिळकविरोधी ठरवू नका. दोघांचं सार्वजनिक भांडण जुनं होतं हे खरं, पण त्यांच्यापुढे अर्ज आला तेव्हा केस मॅजिस्ट्रेटकडे अर्धवट होती, तय्यबजींपुढे आला तेव्हा कमिट झालेली होती, म्हणजे टप्पा बदलला होता. दोन जजनी नाही म्हटल्यावर एका जजला हो कसं म्हणता आलं, या शंकेचंही उत्तर इथेच मिळतं: अर्ज नवीन होता, जुन्या हुकमावरचं अपील नव्हतं.

१४. म्हणजे तय्यबजींनी टिळकांना सोडलं आणि मग पुन्हा पकडलं?

नाही नाही. जामीन म्हणजे निकाल लागेपर्यंत बाहेर, एवढंच. खटला सप्टेंबर १८९७ मध्ये जस्टिस स्ट्रेची यांच्यापुढे चालला, तय्यबजींचा त्याच्याशी संबंध नव्हता. टिळकांतर्फे कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले. नऊ जणांची ज्युरी, सहा युरोपियन म्हणाले दोषी, तिघे भारतीय म्हणाले निर्दोष, आणि सहाच्या जोरावर १८ महिन्यांची सक्तमजुरी. सरकारबद्दल प्रेमाचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ स्ट्रेचींनी ज्युरीला समजावला होता, त्यावर आजही कायद्याच्या वर्गात चर्चा होते.

१५. दावर म्हणजे तेच का, ज्यांनी १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला पाठवलं?

तेच. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर दिनशा दावर १९०८ मध्ये जज होते. त्यांच्यापुढे टिळकांचा जामीनअर्ज आला, मांडला बॅरिस्टर जिनांनी, आणि अकरा वर्षांपूर्वी स्वतः दावरांनी केलेला युक्तिवाद त्यांच्याचसमोर ठेवला गेला. दावरांनी जामीन नाकारला. २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. तय्यबजी तेव्हा हयात नव्हते. कायदा तोच, आरोपी तोच, वकिलाचा जज झालेला, आणि निकाल उलटा. म्हणून मला १८९७च्या त्या ऑर्डरची किंमत जास्त वाटते, ती आपोआप मिळणारी गोष्ट नव्हती, समोर कोण बसलंय यावर सगळं होतं.

१६. मुस्लिम मुलींच्या शिक्षणासाठी काय केलं? आणि पडद्याबद्दल त्यांचं मत काय होतं?

आधी घरात केलं, मग बोलले. स्वतःच्या मुलींना शाळेत घातलं, १९०४ मध्ये त्यातल्या दोघींना इंग्लंडला बोर्डिंगला पाठवलं, घरातल्या बायका पडद्याबाहेर आल्या. १९०३ मध्ये मुंबईत महमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्स भरली (ही संस्था सर सय्यद यांनी काढलेली, प्रश्न ८ मधले तेच) तिचे अध्यक्ष तय्यबजी होते आणि तिथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली, पडद्याची जी कडक पद्धत आपल्याकडे आहे ती धर्माने सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडची आहे असं मांडलं. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी जाहीर मतभेद झाले त्यांच्याच संस्थेने बोलावलं आणि हे गेले, हे लक्षात ठेवा.

१७. अंजुमन-इ-इस्लाम त्यांनीच काढली का?

एकट्यांनी नाही. १८७४ मध्ये ते, कमरुद्दीन आणि नाखुदा रोगे वगैरे मुंबईतली मंडळी एकत्र आली. शाळा सुरू झाली १८८० ला. तय्यबजी आधी सेक्रेटरी आणि मग १८९० पासून मरेपर्यंत अध्यक्ष. सीएसएमटीसमोर जी घुमट-मिनारांची इमारत दिसते तिची पायाभरणी १८९० ची, उद्घाटन १८९३ चं. त्या काळी मुंबईतल्या मुस्लिम मुलांसाठी मदरशाच्या पलीकडे इंग्रजी, गणित शिकवणारी सोय फार तोकडी होती, ती या लोकांनी वर्गणी गोळा करून उभी केली.

१८. मुंबईचे पहिले भारतीय चीफ जस्टिस तय्यबजी की छागला? स्पर्धा परीक्षेला दोन्ही उत्तरं वाचलीत.

प्रश्नातला शब्द बघा. हंगामी (ॲक्टिंग) विचारलं असेल तर तय्यबजी, १९०२. कायम विचारलं असेल तर एम. सी. छागला, १९४७. आणि “भारतात पहिले” असं विचारलं असेल तर दोघेही नाहीत, कारण कलकत्त्याला रमेशचंद्र मित्र १८८२ मध्येच हंगामी चीफ जस्टिस होऊन गेले होते.

काँग्रेसच्या बाबतीतही अशीच चूक होते: पहिले मुस्लिम अध्यक्ष तय्यबजी (१८८७), दुसरे रहिमतुल्ला सयानी (१८९६, कलकत्ता), प्रश्न ६ मध्ये आलेले तेच सयानी.

१९. दांडीवाले अब्बास तय्यबजी, झेंड्यावाल्या सुरैया तय्यबजी आणि अलीगढचे कुलगुरू बद्रुद्दीन तय्यबजी, हे सगळे एकाच घरातले?

हो, आणि म्हणूनच इंटरनेटवर फोटोसुद्धा एकमेकांचे लागतात.

अब्बास तय्यबजी (१८५४ ते १९३६) हे पुतणे, आणि जावईसुद्धा, बद्रुद्दीनांची मुलगी अमीना त्यांना दिलेली. बडोदा संस्थानात चीफ जस्टिस होते, जालियनवालाच्या काँग्रेस चौकशी समितीत होते. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या सत्याग्रहाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं, वय ७६. त्यांना अटक झाल्यावर सरोजिनी नायडू पुढे आल्या. अब्बास आणि अमीना यांची मुलगी रैहाना तय्यबजी, गांधीजींच्या आणि नंतर काकासाहेब कालेलकरांच्या सहवासात राहिलेल्या, कृष्णभक्तीची भजनं गाणाऱ्या.

दुसरे बद्रुद्दीन तय्यबजी (१९०७ ते १९९५) हे नातू, आयसीएस, राजदूत, १९६२ ते १९६५ अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. सुरैया या त्यांच्या पत्नी. १९४७च्या राष्ट्रध्वजात चरख्याच्या जागी अशोकचक्र येऊन जो अंतिम नमुना तयार झाला त्याचं श्रेय कुटुंबीय आणि काही अभ्यासक सुरैया यांना देतात, आधीच्या ध्वजाचं काम पिंगली वेंकय्यांचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, भांडायची गरज नाही.

२०. मृत्यू कुठे आणि कसा झाला?

ऑगस्ट १९०६, लंडन. रजेवर गेले होते, अचानक हृदयविकाराने गेले, वय ६१, तेव्हाही हायकोर्टाचे जज होते. देह मुंबईला आणून दफन केलं. त्याच वर्षी डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. ते असते तर काय केलं असतं असं खूप जण विचारतात, माझ्या मते १८८८ ची पत्रं (प्रश्न ८ आणि ९) नीट वाचली की त्यांनी कुठला मुद्दा मांडला असता याचा अंदाज येतो: आत या, अटी घाला, पण आत या.

२१. मुंबईत त्यांच्याशी संबंधित काय बघता येईल?

अंजुमनची इमारत तर आहेच. तिथून जवळच झेवियर्स कॉलेजच्या बाजूने कामा हॉस्पिटलकडे जाणारा बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग, ज्याला लोक रंगभवनची गल्ली म्हणतात, २६/११ ला करकरे, कामटे, साळसकर जिथे धारातीर्थी पडले तोच रस्ता. त्यांचं राहतं घर, कंबाला हिलवरचं सॉमरसेट हाउस, आज सोफिया कॉलेजच्या आवारात आहे. आणि हायकोर्टात १९०८च्या खटल्याच्या जागी सेंट्रल कोर्टरूमबाहेर टिळकांच्या उद्गारांची संगमरवरी पाटी आहे, छागलांनी १९५६ मध्ये बसवलेली. ४ ऑगस्ट १८९७च्या जामिनाचीही अशीच एक पाटी तिथे लागावी असं मला फार वाटतं.